गाठ की व्रण

माटेस पेल्त्सर वर्षातून एकदा रोस्विता क्रिंग्सला लग्नाचं विचारायचा आणि ती दर वर्षी नाही म्हणायची. दोघंही याला इतकी सरावली होती की विचारताना कधी त्याच्या हातात बटाटे सोलायची सुरी असायची, तर कधी तो शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढत असायचा.

"नाही रे बाबा," ती म्हणायची. "एकदा केलं, तेवढं पुरे."

पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर तिनं जर्मनीतल्या युलिश गावाच्या वेशीवर स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल काढली होती. त्या कमाईतून मागं घर बांधलं होतं आणि त्याच घरात गेली बारा वर्षं माटेस तिच्यासोबत राहत होता. त्याचा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. माणसाच्या अंगावर येतील एवढ्या मोठ्या यंत्रांच्या वायरी जोडण्यात त्याची नोकरी सरली, आता निवृत्त होता. स्वयंपाक त्याच्याकडे, बाकीचा संसार तिच्याकडे. लग्नावाचून काही अडत नव्हतं.

अडलं ते एकदाच. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला चौकातून डावीकडे वळायला शिकवत असताना रोस्विताचा उजवा हात आपोआप उडायला लागला आणि मग तिची शुद्धच गेली. त्या मुलीनं आरसा बघून, इशारा देऊन गाडी नीट कडेला घेतली, हे नंतर कळलं तेव्हा त्या अवस्थेतही तिला बरं वाटलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. माटेस धापा टाकत इस्पितळात पोचला तर काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"मी त्यांच्याकडे राहतो," तो म्हणाला.

राहणाऱ्याला काही सांगता येत नाही, असा नियम होता. सगळं सांगितलं ते कोलोनहून आलेल्या तिच्या भाच्याला, ज्याला मावशी की आत्या हेही नीट आठवत नव्हतं. माटेस तोवर बाहेरच्या बाकावर बसून राहिला. पुढं ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले, महिनोन्‌महिने गोळ्या झाल्या आणि रोस्विता पुन्हा पायावर उभी राहिली. फक्त गाडी चालवायला तिला मनाई झाली. शिकवायला लोथार नावाचा एक शिक्षक ठेवला होता, ती ऑफिसात बसायची. कुठं जायचं झालं की माटेस चालवणार आणि ती शेजारी बसून त्याचं डोकं खाणार.

दर तीन महिन्यांनी एमआरआय असायचा. ऑक्टोबरातल्या एमआरआयनंतर ती एकटीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर बोलायला लागले की माझे कान वाजतात, असं म्हणून माटेस नेहमी खाली कँटीनमध्येच बसायचा. डॉक्टर सेव्दा अकार तिला पहिल्या दिवसापासून बघत होत्या. एरवी त्या आधी हवापाण्याचं बोलत. आज त्यांनी स्क्रीनच तिच्याकडे वळवला.

"हा ठिपका मागच्या वेळी नव्हता, क्रिंग्सबाई."

पूर्वी जिथून गाठ काढली होती त्या पोकळीच्या काठावर वाटाण्याएवढं काहीतरी पांढरं चमकत होतं.

"परत आली?"

"सांगता येत नाही. मी टाळत नाहीये, खरंच सांगता येत नाही. हातात जे औषध टोचतो ना आम्ही, ते रक्तवाहिनीची भिंत जिथं खराब झालेली असते तिथून झिरपतं आणि चमकतं. गाठ असली तरी भिंत खराब होते आणि आपण दिलेल्या किरणांनी मेंदू भाजला असला तरी होते. या चित्रात दोन्ही सारखंच दिसतं."

"मग काय, पुन्हा डोकं उघडणार?"

"त्याआधी पेट स्कॅन करू."

"तो साखरेचा? माझ्या बहिणीचा केला होता, फुप्फुसाचा."

"साखरेचा इथं उपयोग नाही. चांगला मेंदूच इतकी साखर खातो की अख्खं डोकं उजळून निघतं. त्यात गाठ कुठं शोधणार? आपण अमिनो आम्ल देतो. प्रथिनं ज्यापासून बनतात ना, ते. त्याला किंचित किरणोत्सर्ग करणारा अणू जोडलेला असतो, म्हणजे ते कुठं गेलं ते मशीनला कळतं. निरोगी मेंदू ते बेताबेतानं घेतो. गाठीला वाढायचं असतं, ती हावरटासारखी ओढून घेते. आणि नुसता व्रण असेल तर त्याला काही वाढायचं नसतं. तो मागतच नाही."

रोस्वितानं जरा वेळ त्या ठिपक्याकडं पाहिलं. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

डॉक्टर अकार खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "तो ज्या जागी आलाय ती जागा मला आवडलेली नाही," त्या म्हणाल्या.

रोस्विताला तेवढं पुरलं. विद्यार्थी परीक्षेत नापास होणार हे तिला परीक्षकाच्या मानेवरून कळायचं. इथंही तिनं निकाल लावून टाकला.

"काय म्हणाल्या?" गाडीत बसल्यावर माटेसनं विचारलं.

"नेहमीचंच. अजून एक चित्र काढायचंय, दुसऱ्या मशीनवर."

त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंही पुढं विचारलं नाही. साखर कारखाना सुरू झाला होता, रस्त्यावर बीटच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि हवेत तो उकडलेल्या मातीसारखा वास भरला होता. एका ट्रॅक्टरमागं गाडी रांगत होती. ट्रॉलीतून निसटून एक बीट रस्त्यावर आपटलं, तसं तिनं सवयीनं पायाखालचा नसलेला ब्रेक दाबला. तिच्या डोक्यात काउंटर होता. पुन्हा तो काउंटर येणार, पुन्हा हा माणूस त्याच्यापुढं उभा राहणार आणि पुन्हा म्हणणार, मी त्यांच्याकडे राहतो. त्यानंतर भाचा येणार, घराला कुलूप लावणार आणि याला सांगणार, काका, तुमचं सामान उचला.

"माटेस, या वर्षी तू विचारलं नाहीस अजून."

"काय?"

"तुझं नेहमीचं."

"ते होय. अगं, ते मी नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या आसपास विचारतो. अजून वेळ आहे."

"आत्ता विचार."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "रस्ता बघ!" ती म्हणाली. त्यानं रस्ता बघितला आणि रस्त्याकडेच बघत विचारलं, "करतेस लग्न?"

"करते."

माटेसनं गाडी सरळ बसथांब्यात घातली आणि इंजिन बंद केलं.

"बसथांबा आहे हा! आरसा बघितलास? इशारा दिलास?"

तो रडत होता. चौसष्ट वर्षांचा, रेड्यासारख्या मानेचा माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता आणि मागून बस भोंगा वाजवत होती.

नोंदणी कार्यालयानं त्यातल्या त्यात जवळचा एक शुक्रवार दिला. पेट स्कॅन त्याच आठवड्यात, मंगळवारी होता. मधल्या दिवसांत माटेसनं अख्ख्या गावाला सांगितलं. नेमबाजी मंडळाच्या दोस्तांनी हॉल देऊ केला आणि आपलं बँडपथकही आणणार म्हणाले. त्याची बहीण ट्रुडे तीन मजली केक करणार होती. रोस्विता सगळ्याला हो म्हणत गेली. तिचं तिलाच नवल वाटत होतं, पण तिला हलकं वाटत होतं. पुढच्या वर्षी गाडी बदलायची की नाही, छपराचं काय, लोथारचं काय, हे आपले प्रश्नच राहिले नव्हते. लग्नासाठी तिनं गर्द हिरवा ड्रेस घेतला. काळा घेतला असता तर लग्नाला आणि अंत्यविधीला, दोन्हीकडं चालला असता, असं दुकानातच तिच्या मनात आलं आणि ती एकटीच हसली. विकणारीला वाटलं, नवरी खुशीत आहे.

स्कॅन जंगलातल्या संशोधन केंद्रात होता. सकाळपासून काही खायचं नव्हतं. आत एका खाटेवर झोपवून तिच्या हातात सुई घालून ठेवली आणि मग सगळे थांबले, कारण औषध त्याच आवारात, तळघरात बनत होतं. ते आधी करून ठेवता येत नाही, तासागणिक त्याची ताकद ओसरत जाते. तिथली तंत्रज्ञ बाई मोठी बोलकी होती.

"तुमच्यासाठी ताजं बनवलंय हो. बेकरीतही इतकं ताजं मिळत नाही."

"मग लोणी आणू का बरोबर?"

"आणा की. पण चार भिंतींच्या बाहेर खा, इथं खायला बंदी आहे."

डोकं स्पंजच्या खोबणीत बसवलं, कपाळावरून एक पट्टी आवळली. औषध हातातून वर गेलं, त्याचं काहीच जाणवलं नाही. एमआरआयचं मशीन ठणाठणा वाजतं. त्याला शिव्या घालता येतात, तेवढाच वेळ जातो. हे मशीन मुकं होतं. त्या गोल पोकळीत ती पाऊण तास निश्चल पडून राहिली. आत्ता या घडीला माझ्या डोक्यात कोणीतरी जेवतंय किंवा जेवत नाहीये आणि बाहेरची बाई ते बघतेय, असं तिच्या मनात आलं. भीती वाटेल अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात फक्त नाकाला खाज सुटली.

निकाल दुसऱ्या दिवशी डॉक्टर अकारांकडे होता. माटेसनं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला.

"मी आत येतो आज," तो म्हणाला. "आता मी जवळजवळ नवराच की. कान वाजले तर वाजू देत."

नको म्हणायला तिच्याकडं कारण नव्हतं. खरं म्हणजे कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर अकार दारातच हसत होत्या. त्यांनी स्क्रीनवर दोन चित्रं शेजारीशेजारी लावली होती. एकात तो पांढरा ठिपका. दुसऱ्यात सगळा मेंदू एकसारख्या मंद निळ्या रंगाचा.

"ही बघा ती जागा," त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. "गाठ असती तर इथं लाल-नारिंगी पेटलेलं दिसलं असतं. शेजारच्या चांगल्या मेंदूत आणि हिच्यात काही फरक दिसत नाहीये. औषध आत कसं चढत गेलं त्याचा आलेखही संथ आहे. इथं कोणी जेवत नाहीये, क्रिंग्सबाई. किरणांचा व्रण आहे हा. शंभर टक्के मी कधीच म्हणत नाही, दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. पण तो ठिपका दिसल्यापासून मला नीट झोप नव्हती, आज लागेल."

माटेसनं शांतपणे विचारलं, "कधी दिसला होता हो ठिपका?"

"गेल्या एमआरआयला. ऑक्टोबरात," डॉक्टर म्हणाल्या आणि मग त्यांनी दोघांच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

घरी येताना माटेसनं आयुष्यात चालवली नव्हती इतकी नीट गाडी चालवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, प्रत्येक वळणावर आरसा, प्रत्येक वळणावर इशारा. टोकायला तिला जागाच ठेवली नाही. घरात आल्यावर त्यानं कोट खुंटीला लावला आणि तो स्वयंपाकघरात उभाच राहिला.

"बीटच्या ट्रॅक्टरमागं. त्याच दिवशी."

"हो."

"तुला वाटलं, आता संपलं."

"हो."

"म्हणजे तू मला होकार दिलाच नाहीस. घर दिलंस."

"घर देणं वाईट आहे का? तुला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं त्यांनी, माटेस! मला ते पुन्हा नको होतं."

"मी बारा वर्षं घर मागत होतो का?"

"मरायला टेकलेलं माणूस दुसरं काय करणार?"

"तू टेकली नव्हतीस."

"मला काय माहीत!"

"मलाही माहीत नव्हतं!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुला निदान एवढं तरी माहीत होतं की काहीतरी माहीत नाही. मी बँड ठरवत फिरत होतो, रोस्विता. केकवर काय लिहायचं ते ठरवत होतो. आणि तू शेजारी बसून माझ्यासाठी तजवीज करत होतीस, कुत्र्यासाठी करतात तशी."

ती चिडून काहीतरी बोलणार होती, पण कुत्र्याचं ऐकून थांबली. कारण ते बरोबर होतं. तिनं खरोखर तशीच तजवीज केली होती, प्रेमानं, त्याला न विचारता.

माटेसनं दाढीचं सामान घेतलं, दोन शर्ट घेतले, बटाटे परतायची मोठी लोखंडी कढई घेतली आणि तो ट्रुडेकडं निघून गेला. नोंदणी कार्यालयाला त्यानंच फोन करून शुक्रवार रद्द केला.

रोस्विता एकटी बसली. गाठ नव्हती. ही बातमी सांगावी असं एकच माणूस होतं आणि ते कढई घेऊन गेलं होतं. छपराचा प्रश्न परत आला, गाडीचा परत आला. पुढची वर्षं एकदम ढीगभर समोर येऊन पडली आणि तिला ती कुठं ठेवावीत कळेना. लोथार किल्ल्या मागायला आला तर ती त्याच्या अंगावर खेकसली. मग त्याला थांबवून म्हणाली, "मी मरत नाहीये." लोथार म्हणाला, "बरं," आणि किल्ल्या घेऊन पळाला.

गुरुवारी ट्रुडेचा फोन आला.

"केक तयार आहे. तीन मजली. आता मी तो कोणाच्या डोक्यात घालू, तुझ्या की त्याच्या?"

"माझ्याच घाल."

"तो इथं माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या प्रत्येक भांड्याला नावं ठेवतोय. हे बघ, हॉल घेतलेला आहे, सॉसेज आणून ठेवलीत, बँडवाल्यांनी गणवेश धुतलेत. लग्न करा नाहीतर करू नका, शुक्रवारी माणसं जेवायला येणार."

माणसं आली. तोपर्यंत सगळ्या गावाला सगळं कळलं होतं. केकवरची दोन नावं ट्रुडेनं क्रीम फासून पुसून टाकली होती, पण खालून ती वाचता येत होती. रोस्विता तो हिरवा ड्रेस घालून गेली, कारण दुसरा कुठला घातला असता तर लोकांनी त्यावरून तर्क केले असते. नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष उभा राहिला, काय बोलावं ते त्याला समजेना, शेवटी त्यानं ग्लास वर केला आणि म्हणाला, "तर मंडळी, व्रणाच्या नावानं!" सगळ्यांनी घेतली. बँड वाजला. माटेस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून सॉसेज खात होता. तिच्याकडं तो फक्त एकदा बघताना सापडला.

हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा तो कोट हातात घेऊन तिच्यापाशी आला. "तुला घरी कोण नेणार?"

"लोथार म्हणत होता."

"लोथार प्यायलाय. चल."

गाडीत रोस्विता म्हणाली, "माझं चुकलं. तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो."

"माटेस, माझ्याशी लग्न करतोस?"

पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर तो बोलला. "आज नको विचारूस. त्या दिवशी तू घाबरलेली होतीस, आज खुशीत आहेस आणि वर तुला वाईटही वाटतंय. ज्या दिवशी काहीच झालेलं नसेल ना, त्या दिवशी विचार. मग बघू."

"आणि घरी? घरी येतोस ना?"

"घरी येतो. ट्रुडे कोबी करपवते."

असा दिवस सापडणं किती अवघड असतं, हे तिला नंतर कळलं. डिसेंबरात एमआरआय झाला. या वेळी काय काय निघू शकतं ते सगळं तिनं त्याला आदल्या दिवशी सांगितलं. नको ते सुद्धा सांगितलं, अगदी त्यानं कानांवर हात ठेवेपर्यंत. डॉक्टरांच्या खोलीत दोघं बसली. ठिपका किंचित लहान झाला होता. दर तीन महिन्यांनी बघतच राहावं लागेल, डॉक्टर अकार म्हणाल्या, या आजारात आपण कधी पाठ फिरवायची नसते. बाहेर आल्यावर प्रश्न रोस्विताच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. नाताळ आला, तो दिवस चालणार नव्हता. मग लोथारचा घोटा मोडला. मग सोंगं घेऊन नाचायचा कार्निव्हल आला, त्यात तर कोणाचंच काही खरं नसतं. पुढं एक विद्यार्थिनी सातव्यांदा परीक्षेला बसली आणि पास झाली, तो दिवस तर सणच होता.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी ती ऑफिसातून घरात आली. सकाळपासून कोणी उशिरा आलं नव्हतं, कोणी रडलं नव्हतं, कुठली गाडी कुठं घासली नव्हती. आभाळ ना धड भरलेलं, ना धड मोकळं. कालचंच मसुराचं सूप गॅसवर गरम होत होतं. माटेस किटलीत व्हिनेगर घालून आतला पांढरा थर खरवडत होता. तिनं दाराशी उभं राहून आठवून बघितलं, काही राहून गेलंय का. तिला काही सापडेना.

"माटेस, आज काही झालंय का?"

"कुठं?"

"कुठंही."

त्यानं विचार केला. "नाही बुवा."

"मग माझ्याशी लग्न करतोस?"

त्याचा खरवडणारा हात थांबला. किटली ओट्यावर ठेवून त्यानं हात पुसले.

"नाही," तो म्हणाला.

रोस्विता त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली.

"बारा वर्षं ऐकत आलोय," माटेस म्हणाला. "एकदा तरी म्हणून बघायचं होतं, कसं वाटतं ते."

"मग? कसं वाटतं?"

"काही खास नाही. तू इतकी वर्षं त्यात काय बघत होतीस कोण जाणे." तो पुन्हा किटलीकडं वळला. "करतो. सूप उतू जातंय बघ."

लग्न मे महिन्यात झालं, बुधवारी, कारण शुक्रवार सगळे भरलेले होते. ट्रुडेनं या वेळी एकमजली केक केला आणि त्यावर नावं लिहायची नाहीत असं ठणकावून सांगितलं. पुढचा एमआरआय जूनमध्ये होता. माटेसनं ती तारीख कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली लिहिलं, दोघं.